दोनदा उचललेला बेल

गावच्या महादेवाची पूजा आमच्या घराकडे. जुन्नरच्या पश्चिमेला, डोंगर सुरू होतात तिथे आमचं गाव. खाली मुख्य गाव, बागायती जमिनीवाल्यांचं. वर तास-दीड तास चढून गेलं की वाडी, तिथे भात आणि नाचणी. देऊळ दोन्हींच्या मधे, ओढ्याच्या काठाला. पहाटेचं पाणी, बेल, दिवाबत्ती, सोमवारची आरती हे सगळं वडील करायचे. मी त्यांना आण्णा म्हणायचो आणि गाव त्यांना गुरवबाबा म्हणायचं.

देवळात आणखी एक गोष्ट चालायची. गावात कुणावर चोरीचा आळ आला, बांधावरून भांडण लागलं आणि साक्षीदार कोणी नसला, की माणसं देवळात यायची. ज्याच्यावर आळ असेल त्याने ओढ्यात अंघोळ करायची, ओल्या अंगाने गाभाऱ्यात यायचं, पिंडीवरचा बेल उचलायचा आणि म्हणायचं, मी खोटा असेन तर माझं वाटोळं होऊ दे. याला बेल उचलणं म्हणत. बेल उचलला की विषय संपला. त्यानंतर त्या माणसाला कोणी खोटं म्हणायचं नाही. पुढचं देव बघून घेईल.

आण्णांना हे आवडत नसे. कोणी बेल उचलायला आलं की ते काहीतरी कारण काढायचे. आज तिथी बरी नाही, अमावास्या जाऊ दे, माझी तब्येत बरी नाही. तेवढ्या चार-आठ दिवसांत निम्म्या लोकांचं आपसात मिटायचं. "देवाला कशाला साक्षीला वढायचं?" ते म्हणायचे. "त्याला काय कोर्टातला शिपाई समजलात व्हय?"

मी नववीत असताना पाहिलेला एक प्रसंग अजून डोळ्यांपुढे आहे. दोन भावांचा बांधावरून वाद होता. थोरला बेल उचलायला आला. ओल्या धोतराने गाभाऱ्यात उतरला, पिंडीपुढे बसला, हात पुढे केला आणि तो हात तसाच पिंडीवर थांबला. कोपरावरून पाणी निथळत होतं. बराच वेळ गेला. मग त्याने हात मागे घेतला, नमस्कार केला आणि बाहेर उभ्या असलेल्या भावाला म्हणाला, "बांध तुझा हाये." एवढं बोलून ओल्या कपड्यांनीच घराकडे चालायला लागला. आण्णांनी गाभारा पुसला. मी विचारलं, "घाबरला ना तो?" तर म्हणाले, "घाबरला न्हाई रं. त्याला लाज वाटली. लाज वाटली म्हणून माघारी फिरला."

जुन्नरच्या कॉलेजातून मी बी.ए. झालो आणि तीन वर्षं घरी बसलो. अर्ज करायचो, नारायणगावला जाऊन टपालात टाकायचो, उत्तर यायचं नाही. सकाळी आण्णांबरोबर ओढ्यावरून कळशी आणायचो, बेल तोडायचो. नव्वदच्या दशकाचा मध्य होता तो. ग्रामपंचायतीत नवीन राखीव जागा आल्या होत्या. आमच्या वॉर्डातली जागा ओबीसींसाठी राखीव झाली आणि त्या जागेला बसेल असं आमचंच एक घर होतं. वाडीची जागा आदिवासी महिलेसाठी.

एके दिवशी चेअरमन आमच्या पडवीत येऊन बसले. गावच्या सोसायटीचे ते बरीच वर्षं चेअरमन होते, म्हणून सगळे त्यांना चेअरमनच म्हणत. या वेळी त्यांना सरपंच व्हायचं होतं. ते माणूस म्हणून ढोंगी होते असं मला आजही म्हणता येत नाही. सोमवारचा उपास कडक पाळायचे. श्रावणात महिनाभर अनवाणी फिरायचे. गाभाऱ्याच्या उंबऱ्याला डोकं टेकवताना त्यांचे डोळे भरून आलेले मी पाहिले आहेत. त्यांनी मला उभं राहायला सांगितलं. आण्णा म्हणाले, "शिकलेला हाये, काम करील." मी उभा राहिलो.

वाडीवरून त्यांनी एका बाईला उभं केलं. तिशीच्या आसपासची असेल. शाळेत कधी गेलेली नव्हती. अर्जावर सही करायची म्हणून आठवडाभर पाटीवर स्वतःचं नाव गिरवत बसली होती. प्रचारात ती फारसं बोलायची नाही. वाडीच्या बायका दरीतल्या झऱ्यावरून पाणी आणायच्या, उन्हाळ्यात एका हंड्याला दोन-दोन तास लागायचे. चेअरमननी तिला विचारलं, "तुला काय पायजे ते सांग." ती म्हणाली, "टाकी वर बसवा. बाकीचं मला काय कळत न्हाई."

नऊ जागा होत्या. चेअरमन धरून आमचे पाच निवडून आले, समोरच्यांचे चार. समोरच्या पॅनेलचा पुढारी एका शिक्षणसंस्थेत संचालक होता, गाव त्याला सर म्हणायचं. सरपंच या नऊ जणांनी निवडायचा होता. म्हणजे आमचं बहुमत एका मताचं. एक जरी फुटला तरी खेळ खलास. चेअरमननी ठरवलं, पाची जणांनी बेल उचलायचा.

आण्णांनी साफ नाही म्हटलं. "ज्याच्यावर आळ हाये त्यानं बेल उचलायचा. ह्यांच्यावर कसला आळ आलाय?"

"गुरवबाबा, मानसाच्या शब्दाला आता काय किंमत राह्यलीय?" चेअरमन म्हणाले. "देवाचं भ्या तेवढं उरलंय. त्येबी वापरायचं न्हाई तर राजकारण करायचं तरी कशाच्या जोरावर?"

आण्णा दोन दिवस गप्प होते. मला वाटतं, त्या दोन दिवसांत त्यांना एक आशा वाटू लागली होती. गावकीच्या कारभारात देवाची भीती आली तर वाईट काय, असं काहीतरी. तिसऱ्या दिवशी त्यांनी चेअरमनना निरोप धाडला. बेल उचलू देईन, पण शपथ नुसती मताची नको. गावाचं काही कोणी खाणार नाही आणि वाडीला टाकी होईल, हेही शपथेत आलं पाहिजे. चेअरमननी तिथल्या तिथे होकार दिला. "इतका चटकन हो म्हणला, तिथंच मला कळायला पायजे व्हतं," असं आण्णा पुढे कितीदा तरी म्हणाले.

थंडीचे दिवस होते. आम्ही चौघे पुरुष ओढ्यात बुड्या मारून कुडकुडत गाभाऱ्यात गेलो. आण्णा एकेक वाक्य सांगायचे, आम्ही म्हणायचो. दात वाजत असल्यामुळे शब्द नीट फुटत नव्हते. आमचं झाल्यावर ती बाई आली, ओल्या लुगड्यात. तिने शपथ सगळ्यांपेक्षा मोठ्याने आणि न अडखळता म्हटली. "वाडीला टाकी व्हईल" हे वाक्य तर तिने दोनदा म्हटलं.

त्याच दुपारी आम्हाला जीपमध्ये घालून आळेफाट्याला नेलं. तिथल्या एका लॉजवर चार दिवस. समोरच्यांनी कोणाला गाठू नये म्हणून. बाईला एकटीला कसं पाठवायचं, म्हणून तिचा नवराही बरोबर होता. उंच, हाडकुळा, हसरा माणूस. गादीवर झोपायला त्याला जड जायचं, खाली घोंगडी टाकायचा. दिवसभर तो लॉजच्या पायरीवर बसून फाट्यावरच्या गाड्या बघायचा. मला हाक मारायचा, "ओ पावणं, ही कुठं जाती?" मी पाटी वाचून सांगायचो, नाशिक. "आन ही?" नगर. "लांब हाये का लई?" चार दिवसांत त्याला कुठली गाडी कुठे जाते ते पाठ झालं होतं. मग तोच मला सांगायला लागला.

तिसऱ्या दिवशी जेवताना चेअरमन खुशीत होते. टाकीचा विषय निघाला. म्हणाले, "वर पाणी चढवायचं म्हंजी मोटार, लायटीचं झंझट. टाकी माझ्या मळ्यापाशी बसंल. वाडीवाल्यांनी तिथून न्यावं."

मी म्हटलं, "शपथेत वाडीला टाकी म्हटलंय."

"वाडीसाठीच हाये की ती," ते हसून म्हणाले. "वाडीत बसवू असं कुठं म्हणलंय?"

बाई पलीकडे ताटं उचलत होती. तिला ऐकू गेलं नाही.

आता दुसरी गोष्टही सांगतो, कारण मी कित्येक वर्षं स्वतःला फक्त ही पहिलीच सांगत आलो. बेल उचलायच्या आठवडाभर आधी नारायणगावच्या एसटी स्टँडवर सर मला भेटले होते. चहा पाजला. म्हणाले, आंबेगाव तालुक्यात आमची शाळा आहे, तिथे क्लार्कची जागा निघतेय. तुझ्यासारखा शिकलेला मुलगा हवा. "विचार कर," एवढंच म्हणाले. मी हो म्हणालो नाही. नाहीही म्हणालो नाही. आण्णांना सांगितलं नाही. ते मनात ठेवूनच मी ओल्या अंगाने गाभाऱ्यात उतरलो होतो.

निवडीच्या दिवशी जुन्नरहून अधिकारी आले. समोरच्यांनी गुप्त मतदान मागितलं. कागदाच्या चिठ्ठीवर दोन नावं आणि खाली अधिकाऱ्यांची सही, हव्या त्या नावापुढे फुली मारायची. जीपमध्ये चेअरमन बाईला पढवत होते, "वरचं नाव माझं. वरच्या नावापुढं फुली. काय?" ती म्हणत होती, "वरचं नाव." पंचायतीच्या कपाटाआड एकेकाने जाऊन फुली मारायची होती. माझी पाळी आली. कपाटाआड गेलो तेव्हा वाडीचा झराही आठवला आणि एसटी स्टँडवरचा चहाही. त्यातल्या कशामुळे पेन खाली गेलं हे मला आजही सांगता येणार नाही. मी खालच्या नावापुढे फुली मारली.

चार विरुद्ध पाच. चेअरमन पडले. सरांचा माणूस सरपंच झाला.

दुसऱ्या दिवशी चेअरमननी सगळं गाव देवळापुढे जमवलं. पाचातलं कोण फुटलं ते देवापुढे ठरू दे म्हणाले. पाची जणांनी पुन्हा बेल उचलायचा आणि म्हणायचं, मी फुटलो नाही. आण्णांना नको म्हणायला वेळच मिळाला नाही, गाव गाभाऱ्याच्या दारात येऊन उभं होतं. आम्ही पुन्हा ओढ्यात उतरलो. माझा नंबर तिसरा होता. मला त्या भावाचा थांबलेला हात आठवला, आणि आपलाही हात थांबेल असं क्षणभर वाटलं. नाही थांबला. बेल उचलला, म्हणायचं ते म्हटलं. आवाजही नीट आला. मान वर केली तर आण्णा माझ्याकडे बघत होते. ते माझ्या चेहऱ्याकडे किती वेळ बघत होते कुणास ठाऊक. माझ्यानंतर चौथा आला, मग ती बाई. पाची जणांनी बेल उचलला. म्हणजे एक जण खोटा होता आणि तो कोण, ते आता फक्त देवाने सांगायचं होतं. गाव वाट बघायला लागलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी नेहमीसारखा कळशी घ्यायला गेलो. आण्णांनी ती माझ्या हातातून काढून घेतली. "राहू दे," म्हणाले. आणि स्वतःच ओढ्याकडे गेले. त्यानंतर मी कधीही देवाचं पाणी भरलं नाही.

दोन महिन्यांत मला नोकरीचा कागद आला. चेअरमननी त्यावरून काहीच विचारलं नाही. तेव्हा मला ते आपलं नशीब वाटलं होतं. मी शाळेजवळ खोली घेतली, रविवारी घरी यायचो.

चैत्रात वाडीची माणसं हिरडा गोळा करतात. हिरड्याच्या उंच झाडावर चढायचं आणि काठीने फळं पाडायची. त्या बाईचा नवरा झाडावरून पडला. फांदी मोडली. घोंगडीची झोळी करून चौघांनी त्याला खाली सडकेपर्यंत आणलं. जीप मिळेपर्यंत तो गेला होता.

दहाव्याला गावात एकच बोलणं होतं. देवाने दाखवलं. बाईच फुटली होती. कोणीतरी म्हणालं, समोरच्यांनी तिला साडी दिली असेल. कोणी म्हणालं, अडाणी बाई, तिला शपथेचं काय. ज्या चौघांनी तिच्याबरोबर बेल उचलला होता त्यांनीही हेच म्हटलं. म्हणजे तिघांनी म्हटलं आणि मी गप्प बसलो. गप्प बसणं हे म्हणण्यासारखंच होतं. वाडीतल्या बायका तिच्याबरोबर झऱ्यावर जाईनात. तिच्यामुळे टाकी गेली, असंही कोणीतरी म्हणालं. आणि खरंच टाकी गेली होती. नव्या सरपंचाने ती सडकेला, सरांच्या भावकीच्या घरांपाशी बांधून घेतली.

एका रविवारी मी देवळाच्या ओट्यावर बसलो होतो तेव्हा ती खाली आली. दोन लहान मुली बरोबर होत्या. गाभाऱ्यात गेली नाही, पायरीखालीच उभी राहिली. आण्णा बाहेर आले.

"गुरवबाबा," ती म्हणाली, "तुमी देवाजवळचं मानूस. खरं सांगा. माझ्याकडून काय चुकलं का?"

आण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी ओट्याच्या दगडाकडे बघत होतो. एका वाक्याचं काम होतं. ते मी बोलू शकलो असतो, तेही बोलू शकले असते.

"तुझं काय चुकलं न्हाई, बाई," आण्णा म्हणाले.

"मग त्यो कसा पडला?"

आण्णांनी पिंडीवरचं फूल आणून मुलींच्या हातात ठेवलं. ती मुलींना घेऊन वाडीकडे निघाली.

दुपारी आण्णा पडवीत पत्रावळ्या लावत बसले होते. मी जवळ गेलो. त्यांनी मान वर केली नाही. म्हणाले, "तू खोटं बोललास. मी खरं बोललो पन अर्धंच बोललो. तिला कोन त्ये सांगितलं न्हाई. पोरगा हायेस म्हणून." काडी त्यांच्या हातात मोडली. "इतकी वर्सं लोकांना सांगत आलो, देवाला साक्षीला बोलवू नका. आज मलाच कुनी साक्षीला बोलावलं तर मी फिरलो."

मी म्हणालो, "आण्णा, मी वाडीसाठीच..."

"गप," ते म्हणाले. त्यांनी मला कधी गप म्हटलं नव्हतं.

बाईने त्या वर्षी सदस्यपदाचा राजीनामा दिला आणि मुलींना घेऊन खाली येडगावकडे मजुरीला गेली. मी नोकरीवर होतो. मला काहीही झालं नाही. लग्न झालं, मुलगा झाला, पगार वाढला. कधी ताप आला तरी मला वाटायचं, आता सुरू झालं. मुलगा शाळेतून यायला उशीर झाला की मी रस्त्यावर जाऊन उभा राहायचो. पण तोही नीट वाढला. माझ्यावर काहीतरी कोसळावं असं मला खरोखर वाटायचं. म्हणजे निदान कुणीतरी वरून बघतंय एवढं तरी कळलं असतं.

पुढच्या निवडणुकीच्या वेळी चेअरमन पुन्हा आपली माणसं घेऊन आले. आण्णा गाभाऱ्याच्या उंबऱ्यावर बसून राहिले. "मला वलांडून जा," म्हणाले. कोणी ओलांडलं नाही. चेअरमननी फारसं मनावरही घेतलं नाही. लांबच्या एका देवस्थानाहून स्टीलच्या डब्यात भंडारा आणला आणि जीपच्या बॉनेटवर डबा ठेवून शपथा उरकल्या. त्याच्या पुढच्या खेपेला दोन्ही पॅनेलकडे असे डबे होते. काही सदस्यांनी दोन्हीकडे शपथ घेतली होती आणि ते हसत सांगायचे. देवळाला नवा सभामंडप झाला. फरशीवर देणगीदारांची नावं, वरून पुढाऱ्यांचे फोटो असलेला फ्लेक्स. त्या फ्लेक्सच्या सावलीत आण्णा पत्रावळ्या लावत बसायचे. लोक त्यांना वाकून नमस्कार करायचे आणि त्यांचं काही ऐकायचे नाहीत. शेवटच्या आजारपणात माझ्या हातचं औषध त्यांनी घेतलं, बायकोशी, नातवाशी नीट बोलायचे. पूजा मात्र त्यांनी माझ्या चुलतभावाला दिली. ते गेल्यावर मला फार एकटं वाटलं. सर सोडले तर माझं खोटं माहीत असलेलं या जगात आता कोणी नाही, असं मला वाटलं होतं. तेही खरं नव्हतं.

आण्णांचं वर्षश्राद्ध झाल्यावर मी एका ग्रामसभेला गेलो. वाडीच्या पाण्याचा विषय पुन्हा निघाला होता, आणि तेव्हाच्या फुटाफुटीमुळे वाडीची टाकी गेली असं कोणीतरी म्हणालं. मी उभा राहिलो. म्हणालो, "त्या वेळी ती बाई फुटली नव्हती. मी फुटलो होतो. खोटा बेल मी उचलला."

मला वाटलं होतं, लोक अंगावर येतील. कोणी थुंकेल तरी. सभेत थोडी कुजबुज झाली. मग मागून एक तरुण सदस्य म्हणाला, "कुनी बोलायला लावलं, राव?" दुसरा म्हणाला, "ह्यांना आता संस्थेत वरची पोस्ट पायजे असंल." माणसं हसली. चेअरमन आणि सर त्या काळात एकाच पॅनेलमध्ये होते आणि माझं बोलणं त्यांच्यात भांडण लावण्यासाठी आहे, असा अर्थ काढून तिघे-चौघे मला गप्प बसवायला लागले. ग्रामसेवकाने विचारलं, "हे प्रोसिडिंगला घ्यायचं का?" कोणीतरी म्हणालं, "कशाला? पुढचा विषय घ्या."

सभा संपल्यावर चेअरमननी मला पंचायतीच्या पायऱ्यांवर थांबवलं. बरेच थकले होते, हातात काठी आली होती.

"कशाला उकरून काढतो आता?" ते म्हणाले. "मला तवाच ठावं व्हतं. दोन महिन्यांत तुला नोकरी लागली, एवढं न कळायला मी काय दूधखुळा हाये?"

मी म्हणालो, "माहीत होतं? मग तिच्यावर का येऊ दिलंत?"

"मग काय गुरवाच्या पोरावर ढकलू? गुरवाचंच पोरगं पिंडीवरचा बेल खोटा उचलतं म्हणल्यावर देवळात काय राह्यलं असतं? परत कुनी घेतली असती का शपथ?" त्यांचा आवाज समजावणीचा होता, मला काही वाईट बोलतोय असं त्यांना वाटत नव्हतं. "तिचा नवरा पडला. त्यो काय मी पाडला का? पन गावाला देवाचं भ्या राह्यलं. त्येबी गरजेचं असतंय." आणि देवळाच्या दिशेने हात जोडून ते काठी टेकत निघून गेले.

मग मी तिला शोधायला गेलो. हे खरं तर पहिल्यांदा करायचं होतं, पण गावासमोर बोलणं मला सोपं वाटलं होतं. वारूळवाडीत चौकशी केली, तिथून येडगावला गेलो. धरणाच्या बाजूला एका बागायतदाराच्या मळ्यावर पत्र्याच्या दोन खोल्या होत्या, तिथे ती राहत होती. मुलींची लग्नं झाली होती. तिचे केस पूर्ण पांढरे झाले होते, माझ्यापेक्षा जेमतेम सहा-सात वर्षांनी मोठी असूनही. तिने मला ओळखलं. "गुरवबाबांचं ना तुमी?" म्हणाली आणि घोंगडी टाकली. आण्णा गेल्याचं सांगितलं तर तिने पदर डोळ्यांना लावला.

मी सगळं सांगितलं. एसटी स्टँड, लॉज, फुली, दोन्ही वेळचा बेल. मी तिच्या शिव्यांची वाट बघत होतो.

"मला वाटायचं," ती म्हणाली, "मी कागुद उलटा धरला असंल."

मला आधी कळलंच नाही.

"चेरमन म्हणलं व्हतं, वरचं नाव. मला कुठं वाचाया येतंय? मी वरच फुली केली. पन कागुद उलटा असंल तर वरचं नाव खाली जातंय ना? गुरवबाबा म्हणलं तुझं चुकलं न्हाई. मला वाटलं, त्यांना काय ठावं, त्ये कुठं कपाटामागं व्हते. मी रोज इच्यार करायची, कागुद कसा धरला व्हता. सायबाची सही वरल्या अंगाला व्हती का खालल्या अंगाला." तिने हातात नसलेला कागद धरून दाखवला, एकदा असा, एकदा तसा. "मंग मीच ठरवलं, उलटाच व्हता. म्हणून त्यो गेला. माझ्या हातून चूक झाली आन द्येवानं त्याला न्येलं. पोरींनाबी मी तसंच सांगितलंय."

"तुमची काही चूक नव्हती," मी म्हणालो. बारा-तेरा वर्षांपूर्वी आण्णा म्हणाले होते तेच. मी तिच्या पायांना हात लावायला वाकलो तर तिने पाय मागे घेतले.

"मंग त्यो कशानं गेला?"

"फांदी मोडली," मी म्हणालो.

"फांदीचं मलाबी ठावं हाये, भाऊ." ती चिडली नव्हती. मी शिकलेला माणूस, मला माहीत असेल, म्हणून ती खरंच विचारत होती. "फुली तुमी मारली. बेल तुमी उचलला. मंग त्यो कशानं गेला?"

बाहेर मजुरांना न्यायला पिकअप आली आणि हॉर्न वाजवायला लागली. तिने कोपऱ्यातलं खुरपं घेतलं, डोक्याला फडकं बांधलं. दारातून वळून म्हणाली, "पानी पिऊन जावा. कडी तेवढी लावा जाताना." गाडीत मागे उभ्या असलेल्या बायकांनी तिला हात देऊन वर घेतलं. गाडी बांधावरून वळेपर्यंत ती माझ्याकडे बघत होती, मला अजून काही सुचेल आणि मी ओरडून सांगेन, अशा आशेने.